पावतीबुकवाले अण्णा

धारवाडच्या मळमड्डीत संध्याकाळी साडेसहाला एखाद्या घरातला दिवा पटकन मालवला, टीव्ही गप्प झाला आणि आतून कुणीतरी पोराला ‘श्शू’ केलं, तर वीज गेली असं समजू नका. अण्णा गल्लीत शिरलेत.

अण्णांना नाव-आडनाव आहे. पेन्शनच्या कागदावर ते असणारच. पण मळमड्डीत विचाराल तर ‘पावतीबुकवाले अण्णा’ एवढंच सांगतील, आणि सांगण्याआधी एकदा मागे वळून बघतील. डोक्यावर काळी टोपी, पांढरा शर्ट, काखेत पावतीबुक, खिशाला दोन पेनं. एक स्वतःचं. दुसरं, ‘चेक दिला असता हो, पण पेन सापडेना’ म्हणणाऱ्यासाठी.

अण्णा रेल्वेत टीसी होते. मिरजेची लाईन मीटर गेजची होती तेव्हापासून त्यांनी पावत्या फाडल्या आहेत. निवृत्त झाल्यावर फक्त डबा बदलला. वरच्या बर्थवर तोंडावर चादर ओढून पडलेला माणूस झोपलाय की बिनतिकीट आहे, हे त्यांना पायाच्या अंगठ्यावरून कळायचं. झोपलेल्याचा अंगठा सैल असतो म्हणे. असल्या माणसापुढे दिवा मालवून काय होणार? अण्णा दार वाजवत नाहीत. कट्ट्यावर बसतात. दहा मिनिटांनी बसल्या जागेवरून शांतपणे सांगतात, ‘‘वहिनी, चौथी शिट्टी झाली की हो. डाळीचा गाळ होतोय. गॅस बंद करा, मग आरामात लपा.’’

दार उघडतं. चहाही येतो.

मळमड्डीतली आम्ही मंडळी घरात मराठी बोलतो, भाजी कानडीत घेतो आणि भांडण जी भाषा आधी सुचेल तिच्यात करतो. धारवाडला याचं काही वाटत नाही. बेंद्र्यांच्या घरात मराठी होती आणि ते कन्नडचे वरकवी झाले; जी. ए. कुलकर्णी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि घरी येऊन मराठी कथा लिहीत. अण्णांनी या परंपरेत आपली भर घातली आहे. ते वर्गणी मराठीत मागतात, घासाघीस कानडीत करतात आणि पावती इंग्रजीत लिहितात. कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘मराठीत मागितलं की लाज वाटते, कानडीत बोललं की जवळीक वाटते, आणि इंग्रजीत लिहिलं की परत मागता येत नाही.’’

त्यांच्या पावतीबुकाचं पहिलं पान कोरं कधी नसतं. त्यावर ‘एक सद्गृहस्थ – 5001’ असं असतं. हा सद्गृहस्थ कोण, हे मळमड्डीला आजवर कळलेलं नाही. गणपतीला त्याचे 5001, रामनवमीला 5001, गाण्याच्या बैठकीला 5001. मला बरेच दिवस वाटायचं की असा कुणी नाहीच, ही नुसती गळाला लावलेली गांडुळं. मग एकदा एक म्हातारा, मागेपुढे कुणी नसलेला, आमच्या गल्लीत वारला. रात्री अकराला अण्णा आले तेव्हा काखेत बुक नव्हतं. हात पुढे केला, मी पाचशे ठेवले, ते पुढच्या दारी गेले. त्या कामाची पावती त्यांनी कधीच फाडली नाही, आणि सद्गृहस्थाचं नावही घेतलं नाही.

आता मी यात कसा सापडलो ते सांगतो.

मी प्राणिशास्त्र शिकवायचो. कॉलेजचं नाव सांगत नाही. धारवाडात दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या कंपाउंडातच पडतो, त्यामुळे नावावाचून अडणार नाही. विभागाच्या संग्रहालयाची किल्ली माझ्याकडे होती. किल्ली म्हणजे अधिकार असं कुणाला वाटेल. ती इतरांनी नको म्हटल्यामुळे माझ्याकडे आली होती.

एक लांबट खोली, वर कौलं, भिंतीला टेकून काचेची कपाटं. पेंढा भरलेला एक वाघ, त्याचा डावा डोळा कधीकाळी हरवला आणि त्या जागी कुणीतरी गोटी बसवली, त्यामुळे वाघ एका बाजूने भयंकर आणि दुसऱ्या बाजूने शाळकरी दिसायचा. एक मगर, तिच्या उघड्या जबड्यावर बरोबर छताची गळती. जून ते सप्टेंबर धारवाडचा पाऊस तिच्या तोंडात थेंबथेंब पडत राही. गिधाड, घुबड, माळढोक, काळवीट, खवले मांजर. आणि बरण्या. बरण्यांतलं फॉर्मलिन उडत जातं. दरवर्षी पातळी बोटभर खाली जाते, तशी आधी सापाची मान उघडी पडते, मग ती सुकते, मग काळी पडते. पेंढा भरलेल्यांना कसर लागते ती वेगळीच. डांबरगोळ्या संपल्या की आठवड्यात कोल्ह्याचं शेपूट हातात येतं.

आणि यातलं काहीच पुन्हा मिळणारं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर नवा वाघ पेंढा भरायला येणार कुठून? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली विच्छेदनंही थांबवली. चांगलंच झालं, बेडकांच्या वतीने मी आभारपत्रावर सही करायला तयार होतो. पण त्यामुळे आमच्या बरणीतला बेडूक हा विद्यार्थ्यांना आतून दिसणारा शेवटचा बेडूक ठरला. बाहेर डायक्लोफेनॅकने गिधाडं संपत आली; जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली तोवर माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी आकाशात गिधाड बघितलेलं नव्हतं. कपाटातलं तेवढं होतं, आणि त्याच्या डोक्यावर कौल फुटलं होतं.

मी अर्ज केले. अर्जांची फाईल जाड झाली. तिलाही कसर लागली.

एका संध्याकाळी हे सगळं मी कट्ट्यावर बसून अण्णांना सांगितलं. त्यांनी टीसीच्या थाटात पहिला प्रश्न केला.

‘‘जिवंत आहेत का?’’

‘‘नाहीत.’’

‘‘मग खायला लागत नाही. खर्च कसला?’’

‘‘अण्णा, मेलेल्याला खर्च जास्त असतो. हे मी तुम्हाला सांगायचं?’’

हे त्यांना पटलं. थोडा वेळ गप्प बसले. मग पावतीबुक काढून नवं पान उघडलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की दुसऱ्या बाजूने बघितलं तर ते बुक किती सुंदर दिसतं.

नेमका तेव्हा अण्णांचा भाचा न्यू जर्सीहून आलेला. तो म्हणाला, ‘‘मामा, दारोदार काय फिरता? गाला करा, गाला!’’

‘‘कुठला गाळा? बाजारातला?’’ अण्णांनी विचारलं. ‘‘भाडं किती?’’

भाच्याने समजावून सांगितलं. न्यू यॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात निळ्या देवमाशाची 94 फुटी प्रतिकृती छताला टांगली आहे. तिच्याखाली टेबलं मांडतात, मोठमोठे लोक नटूनथटून येतात, जेवतात, आणि एका ताटाला हजारो डॉलर मोजतात. लंडनच्या संग्रहालयातही तसंच. तिथे 2017 पासून दालनात देवमाशाचा 25 मीटरचा खराखुरा सांगाडा सूर मारताना टांगलाय, त्याचं नाव ‘होप’. तो हॉल मेजवान्यांना भाड्याने मिळतो.

मी माझी भर घातली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेससाठी इग्वानोडॉनचा भलामोठा पुतळा बनत होता, तेव्हा 31 डिसेंबर 1853 च्या रात्री शिल्पकार हॉकिन्सने त्याच्या साच्यातच मेजवानी दिली. डायनासोरच्या पोटात बसून पंडित जेवले.

अण्णा विचारात पडले. ‘‘त्या माशाखाली शाकाहारी मिळतं का?’’

‘‘मासा नव्हे हो. सस्तन प्राणी.’’

‘‘असू दे की. पण मला एक कळेना, जेवायला बोलवायचं आणि ताटाचे पैसे घ्यायचे? त्याला आमच्यात खानावळ म्हणतात.’’

भाचा वाद घालू लागला. अण्णांनी त्याला हाताने थांबवलं. ‘‘तुमचं ते गाला की काय ते करू. पण जेवण फुकट. फुकट खाल्लेला माणूस हात धुताना मऊ झालेला असतो, तिथं मी टॉवेल घेऊन उभा राहतो.’’ मग स्वतःशीच हसले. ‘‘बरोबरच आहे की. कानडीत गाळ म्हणजे मासे धरायचा गळ. आपल्यातही गळच घालायचा असतो.’’

माझ्या मते कुठल्याही भाषेतल्या निधिसंकलनाची याहून नेमकी व्युत्पत्ती झालेली नाही.

योजना अण्णांची. ‘नमुना दत्तक घ्या.’ ज्याला जो प्राणी हवा त्याने त्याची रक्कम भरायची, कपाटावर पितळी पाटी लागेल. दर मी लिहून देणार होतो, दुर्मिळतेप्रमाणे. अण्णांनी माझा कागद वाचला आणि फाडला. ‘‘मास्तर, दुर्मिळ म्हणजे जे कुणी बघितलेलं नाही. जे बघितलं नाही त्याला पैसे कोण देतंय? ओळखीच्या जनावराला दर जास्त.’’ त्यांच्या कोष्टकात वाघ आणि मोर 11,001 ला, हत्तीची कवटी 5001 ला (सद्गृहस्थ लगेच पुढे आला असता, पण अण्णांनी आवरलं) आणि माळढोक, जो कर्नाटकात आता सिरुगुप्प्याच्या बाजूला मोजकाच उरलाय, तो 1001 ला. मी हरकत घेतली. ‘‘मग त्याला मोर म्हणून विका,’’ अण्णा म्हणाले.

हिशेबनीसाने मात्र वेगळाच घोळ काढला. संस्थेची देणगी 80 जी मध्ये करसवलतीला पात्र होती. पण रोख देणगी 2000 पर्यंत असेल तरच. वर एक रुपया गेला की सवलत अख्खी जाते. आणि आमचे लोक तर 2001 देणार! शुभाचा तो एक रुपया सगळी सवलत घेऊन बुडणार. अण्णांनी दोन दिवस डोकं खाजवलं. मग तोडगा काढला: 2000 ची पावती वेगळी आणि एक रुपया देवाच्या पेटीत. पुढे ती पेटीसुद्धा चांगली भरली.

मग मोहीम सुरू झाली, आणि मला माझ्या विषयातलं जे तीस वर्षांत कळलं नव्हतं ते कळायला लागलं.

वाघ एका दिवसात गेला. काळविटाला सहा गिऱ्हाइकं आली, कारण आता हुबळी-धारवाडच्या बसलाच ‘चिगरी’ म्हणतात आणि चिगरी म्हणजे हरीण. रोज अंगावरून जाणारं जनावर घरचंच वाटतं. भांडण नको म्हणून अण्णांनी काळवीट तोडून विकला. पाट्या तशाच लागल्या: ‘डावं शिंग’, ‘उजवं शिंग’ आणि चार पाय. नागाला आधी कुणी तयार होईना. मेलेला नाग पदरात घ्यायचा म्हणजे सात पिढ्यांची काळजी. शेवटी एका डॉक्टरांनी घेतला, पण पंचमीला बरणीसमोर दूध ठेवू द्याल का, असं लेखी विचारलं. मी होकार दिला. नंतर दोन वर्षं पंचमीला आमच्या संग्रहालयात मांजरं यायची.

जळूसाठी अण्णांनी परस्पर एका क्लासवाल्याला गाठलं. त्याने का म्हणून विचारलं नाही, गुपचूप पैसे दिले आणि पाटी नको म्हणाला.

काही जण पैशांऐवजी वस्तूच आणू लागले. धारवाडच्या जुन्या वाड्यांत आजोबांच्या काळातली शिंगं, कातडी, एखाददुसरं वाघाचं डोकं असतंच. एक गृहस्थ रिक्षातून बिबट्या घेऊन आले. वर टॉवेल टाकलेला. ‘‘घरात म्हातारी घाबरते. तुम्ही ठेवा, आणि पावती पाच हजारांची द्या.’’ मी त्यांना सांगितलं की मालकीचा दाखला नसेल तर हा बिबट्या नुसता बाळगणंही गुन्हा आहे. बिबट्या आला त्याहून जोरात परत गेला. टॉवेल राहिला. अण्णांनी तो धुऊन हात पुसायच्या जागी ठेवला.

पण खरा घोटाळा पाट्यांनी केला. मराठी माणसाला देणगी द्यायची म्हटली की ती कुणाच्या तरी स्मरणार्थ द्यावी लागते. बाकडं असो, पंखा असो, पाणपोई असो, वर ‘कै.’ हवंच. इथे कुणाच्या लक्षात आलं नाही की बाकड्यावर नाव घालणं वेगळं आणि घुबडाखाली वेगळं. पाट्या करून आल्या, मी त्या खिळे मारून लावल्या आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं. गिधाडाच्या पायाशी ‘कै. तीर्थरूप भाऊसाहेब यांच्या स्मरणार्थ’. घोरपडीखाली ‘प्रेमळ मातोश्रींच्या स्मृतीस’. जबडा वासलेल्या मगरीखाली, गळक्या कौलाखाली, ‘सौ. व श्री. यांच्या विवाहाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त’.

मी अण्णांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, एकेक पाटी वाचली. गिधाडापाशी जरा जास्त थांबले.

‘‘भाऊसाहेबांना मी ओळखत होतो,’’ म्हणाले. ‘‘राहू दे. मान तशीच होती.’’

गालाची संध्याकाळ जुलैत ठरली, यावर धारवाडबाहेरचा माणूस विश्वास ठेवणार नाही. भाच्याने निमंत्रणात ‘ब्लॅक टाय’ लिहायला सांगितलं होतं. अण्णांनी ते मराठीत आणलं: ‘कृपया काळी टोपी घालून यावे.’ मळमड्डीतल्या यच्चयावत ट्रंका उघडल्या गेल्या. सगळ्यांनी टोप्या घातल्या, सगळ्या टोप्यांना डांबरगोळ्यांचा वास, संग्रहालयालाही तोच वास. पाहुणे कुठले आणि नमुने कुठले हे नाकाला कळेनासं झालं. भाचा एकटाच टाय लावून आला आणि अख्खी संध्याकाळ लोक त्याला वाढपी समजून पाणी मागत राहिले. तो देतही राहिला. अमेरिकेत पोरं कामाला लाजत नाहीत हे खरं आहे.

खायला गिरमिट आणि मिरची भजी. वर पेढा. काचेच्या कपाटांवर बश्या ठेवू नयेत अशी सूचना मी तीनदा दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा माझी बशी खवले मांजरावर होती.

धारवाडात गाण्याशिवाय कार्यक्रम म्हणजे सुतक. तंबोरे हत्तीच्या कवटीला टेकून ठेवले होते. एका मुलीने मुलतानी लावला आणि तीन मिनिटांत, का कोण जाणे, सगळ्या टोप्या स्थिर झाल्या. पाऊस कौलांवर, कौलातून मगरीच्या तोंडात, आणि त्या टपटपीवर ती मुलगी सम गाठत होती. पुढच्या रांगेतले एक जुने दर्दी म्हणाले, ‘‘मगर लयीत आहे.’’

मग भाषणं. ती वगळतो. अध्यक्षांनी संग्रहालयाला चारदा ‘प्राणिसंग्रहालय’ म्हटलं आणि पिंजरे मोठे करण्याचं आश्वासन दिलं, एवढं पुरे.

शेवटी माझे ‘दोन शब्द’ होते. मी ठरवून उंदराविषयी बोललो, कारण उंदराला एकही गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. म्हटलं, मंडळी, ही जी लहानशी बरणी आहे, मऊ केसांचा शेतातला उंदीर, हा आपल्याच मुलखाच्या नावावर लागलेला प्राणी. 1824 साली कित्तूरला कलेक्टर थॅकरे मारला गेला, तेव्हा वॉल्टर इलियट नावाचा विशीतला साहेब राणी चन्नम्माच्या कैदेत पडला. सुटला, आणि पळून जायचं सोडून पुढे कित्येक वर्षं याच मुलखात नोकरीला राहिला, शिलालेख उतरवत आणि उंदीर जमवत. वडारांना उंदरांची नावं विचारायचा. या उंदराला वडार ‘मेट्टाडे’ म्हणत. इलियटने पाठवलेल्या नमुन्यावरून लंडनला ग्रे साहेबाने 1837 मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण केलं, आणि लिहिता-छापताना मेट्टाडेचं ‘मेल्टाडा’ झालं.

एव्हाना लोक पेढ्यांकडे सरकले होते. फक्त मागच्या दाराशी अण्णा उभे होते, आणि ऐकत होते.

पुढची गोष्ट मी मग त्यांनाच सांगितली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड नावाचे मानद चिटणीस होते. धंदा दारूचा. सोसायटीची कचेरी आणि फिप्सन कंपनीचा दारूचा व्यापार एकाच ठिकाणी चालायचा, कचेरीत विल्यम नावाचा एक धनेश पक्षीही पाळलेला होता. या मिलार्डनी 1911 मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी काढली. पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी ज्याला त्याला पत्रं धाडून वर्गणी गोळा केली, वर्षानुवर्षं. पाहणीचे लोक आपल्या धारवाडातही येऊन नमुने घेऊन गेले. आणि 1911 मध्येच ब्रिटिश म्युझियमच्या थॉमसनी या मेल्टाडा उंदराचा वंश वेगळा काढून त्याला मिलार्डचं नाव दिलं. मिलार्डिया मेल्टाडा. पहिला शब्द वर्गणी जमवणाऱ्याचा, दुसरा वडारांचा.

बोलणं संपलं, आणि वीज गेली. 

अंधारात आधी एक शांतता असते. मग चपला शोधण्याचा आवाज सुरू झाला. फुकट गिरमिट, फुकट गाणं, आणि आता अंधार. निसटायला याहून चांगला मुहूर्त कुठला? पुढचं दार पावसाने अडवलेलं, म्हणून सगळे मागच्या दाराकडे वळले. तिथून चौतीस वर्षांच्या सरावाचा, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज आला.

‘‘तिकीट.’’

एवढंच. मी शपथेवर सांगतो, पुढचे चारजण खिशात हात घालून तिकीट शोधायला लागले. अण्णांनी टॉर्च लावली, पावतीबुक उघडलं. रांग लागली. त्या रांगेत अध्यक्षसुद्धा होते.

त्या रात्री बरंच काही विकलं गेलं. माळढोक मोर म्हणून न विकता माळढोक म्हणूनच गेला, हे मला विशेष सांगायचं आहे. खानापूरकडच्या तळेवाडीच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाचं चित्र आम्ही लावलं होतं. 1912 मध्ये प्रेटर यांनी ते तिथे पकडलं आणि कित्येक वर्षं जगात दुसरीकडे ते कुठे माहीतच नव्हतं. मूळ खानापूरच्या असलेल्या एका आजींनी ‘आमच्याकडचं आहे’ म्हणून चित्रालाच 501 दिले. चित्राचे पैसे घ्यावेत की नाही यावर मी विचार करेपर्यंत पावती फाटली होती.

आठ दिवसांनी अण्णा हिशेब घेऊन आले. कौलं, फॉर्मलिन, बरण्यांची नवी झाकणं, डांबरगोळ्या, भज्यांचं तेल. प्रत्येकाची पावती टाचणीला. तेरा रुपये शिल्लक, तेही पाकिटात घालून. भाच्याने जाताना वाघासाठी काचेचा डोळा पाठवीन म्हटलं होतं, तो खरंच आला. आता गोटी माझ्या टेबलावर असते.

सगळं झाल्यावर अण्णा उठायला तयार होईनात. मी चहा टाकायला सांगितला.

‘‘मास्तर, तो साहेब. दारूवाला.’’

‘‘मिलार्ड.’’

‘‘एवढी वर्गणी जमवली, आणि त्याला उंदीर दिला?’’

मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी ऐकलं नाही. बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

‘‘बरोबर दिलाय,’’ म्हणाले. ‘‘वाघ एकदाच येतो आणि सगळं घर जागं होतं. रोज रात्री जाऊन थोडं थोडं कुरतडतो तो उंदीर. आणि कुणी दिवा लावला की दिसत नाही.’’

मग खिशातून पैसे काढले आणि उंदीर घेतला. पाटीवर काय घालू विचारलं. ‘‘एक सद्गृहस्थ,’’ अण्णा म्हणाले, आणि माझं उत्तर न ऐकता समोरच्या घराकडे वळले, जिथला दिवा नुकताच मालवला होता.

मी आता निवृत्त झालो आहे. किल्ली दुसऱ्याकडे गेली. छप्पर गळत नाही, मगर कोरडी आहे. सगळे नमुने दत्तक गेले, फक्त दुसऱ्या कपाटात खालच्या फळीवर, उजव्या हाताला, पट्टकृमीची एक बरणी अजून शिल्लक आहे. बरणी स्वच्छ आहे, फॉर्मलिन काठोकाठ आहे, लांबी भरपूर आहे. रक्कम 501. घरातल्या कुणाच्या स्मरणार्थ द्यायची असल्यास पाटी फुकट. पावती अण्णांकडे मिळेल. संध्याकाळी साडेसहानंतर दिवा लावून ठेवा, ते स्वतःच येतील. जास्त द्यायची इच्छा झाली तर चेकने द्या, आणि रोख देणारच असाल तर 2000 वर थांबा. अण्णा वरचा एक रुपया मागतील. तो देवाच्या पेटीत टाका.